शिंक नाकात, वर्दी रक्तात

इंग्लंडात मे महिना लागला की आपल्यापैकी कित्येकांची नाके वाहू लागतात, डोळे चुरचुरतात. "थोडी सर्दी आहे, जाईल," म्हणून आपण दुखणे अंगावर काढतो, नाहीतर कपाटातली जुनी झोप आणणारी गोळी घेतो. माझ्या मते या दोन्ही सवयी आपल्या वयाला परवडणाऱ्या नाहीत.

ही सर्दी नव्हे, बहुधा गवताच्या परागांची अ‍ॅलर्जी, म्हणजे हे फीव्हर. लंडनचे डॉ. जॉन बोस्टॉक यांनी 1819 साली स्वतःच्याच या त्रासाचे वर्णन डॉक्टरांच्या सभेपुढे मांडले. मँचेस्टरच्या डॉ. चार्ल्स ब्लॅकली यांनी स्वतःच्या नाकात पराग घालून पाहिले आणि दोष परागांचा आहे, हे 1873 सालच्या पुस्तकात दाखवून दिले.

मुंबईत किंवा अलिबागेस डॉक्टर रक्त तपासून "इओसिनोफिल वाढलेत" म्हणत, ते आठवते ना? या पेशी 1879 साली पाउल एर्लिख या जर्मन यहुदी डॉक्टरांनी रंगाच्या साहाय्याने ओळखल्या. पराग नाकात शिरला की काही मिनिटांतच तिथल्या पेशी हिस्टॅमिन सोडतात. मग शिंका, खाज, पाणी. पण गोष्ट तिथेच संपत नाही. काही तासांनी दुसरी लाट येते. नाकातून निघालेली वर्दी रक्तावाटे हाडांतल्या मगजापर्यंत पोचते आणि इओसिनोफिलांची कुमक निघते. 2001 साली नेदरलँड्समधील डॉक्टरांनी दमा नसलेल्या रुग्णांच्या फक्त नाकात गवताचे पराग घातले. 24 तासांनी त्यांच्या रक्तात या पेशी वाढल्या होत्या, आणि श्वासनलिकांच्या अस्तरातही त्या दिसल्या.

म्हणजे नाकाचे दुखणे नाकापुरते राहत नाही. ज्यांना दमा आहे त्यांनी तर ते मुळीच दुर्लक्षू नये. उलट, रक्तात इओसिनोफिल वाढलेले नसले म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, असेही समजू नये.

आता त्या जुन्या गोळीविषयी. माझ्या एका मावशीने शिंकांसाठी ती रात्री घेतली, पहाटे उठताना तोल गेला आणि मनगट मोडले. अशा गोळ्यांनी म्हातारपणी गुंगी येते, गोंधळल्यासारखे होते, लघवी अडते. शिवाय गोळी मुख्यतः हिस्टॅमिनला अडवते. दुसरी लाट तशीच राहते. ती लाट शमवते नाकात मारायचे स्टेरॉइडचे फवारे. "स्टेरॉइड" म्हटले की आपली माणसे दचकतात. पण फवाऱ्यातले औषध मुख्यतः नाकातच काम करते, रक्तात फारच थोडे जाते. मात्र ते रोज घ्यावे लागते, आणि हंगामाआधी दोनेक आठवडे सुरू केले तर उत्तम.

काचबिंदू, रक्तदाब, प्रोस्टेट यांचा त्रास असेल तर कोणतेही औषध घेण्याआधी फार्मसिस्टला आपल्या सर्व गोळ्यांची यादी दाखवा. विचारायला पैसे पडत नाहीत. छातीत घरघर झाली किंवा दम लागला, तर मात्र थेट डॉक्टर गाठा.

सोसण्यात आपली पिढी तरबेज आहे. पण जे सोसायची गरजच नाही, ते सोसून काय मिळवायचे?