आधी बस, मग बाकीचे

१ जून १९४८ रोजी एसटीची पहिली गाडी नगर-पुणे मार्गावर धावली. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, महामंडळाची विजेवरची ‘शिवाई’ याच रस्त्यावर आली. अंतर सुमारे १२० किलोमीटर आणि एका चार्जिंगवरचा पल्ला अडीचशेच्या आसपास. कागदावर जाऊन-येऊन हिशेब जमतो. पण वाघोलीची कोंडी आणि उन्हाळ्यातला एसी धरला, तर नगरच्या आगारात चार्जर असल्याशिवाय चालक निर्धास्तपणे परत फिरू शकत नाही. ई-बसचे यश असे आगारातल्या विजेवर ठरते.

महामंडळाने २०२३ साली ५,१५० ई-बस भाड्याने घेण्याचा करार केला. गाड्या ठरल्या वेळेत आल्या नाहीत आणि प्रवासी जुन्या डिझेल गाड्यांतच बसत राहिले.

वाहनांचे वावडे नगरला कधीच नव्हते. कायनेटिकची लुना इथेच घडली. २०२४मध्ये ती विजेवर परतली. लष्करी वाहनांची कसून परीक्षा घेणारी ‘व्हीआरडीई’ही इथलीच. अशा शहराने आपल्या हवेबाबत मागे राहावे, हे पटणारे नाही.

एप्रिल २०२०पासून बीएस-६ लागू झाले, डिझेलमधले गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आले. हा मोठाच पल्ला. पण मानक लागते ते नव्या गाडीला. माळीवाड्यात धूर ओकणारा जुना टेम्पो पीयूसीचा कागद खिशात ठेवून फिरतोच. हंगामात कारखान्याकडे ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांना तर बीएस-६ लागूच नाही; त्यांची मानके वेगळी आहेत.

म्हणून सरकारी पैसा आधी कुठे जावा, याचे उत्तर स्पष्ट हवे. घरची स्कूटर दिवसाचा बराचसा वेळ उभी असते. बस आणि रिक्षा सकाळपासून रात्रीपर्यंत फिरतात. चीनमधल्या शेन्झेनने २०१७ अखेर सोळा हजारांहून अधिक बस विजेवर आणल्या, त्या बससाठी चार्जिंगची सोय उभारूनच. नगरची शहर बससेवा मात्र सुरू होते आणि बंद पडते, हे नगरकर वर्षानुवर्षे पाहत आले आहेत.

महापालिका, एसटी आणि महावितरण यांनी एकत्र बसून आगारांचा वीजभार आणि रिक्षाथांब्यांजवळच्या चार्जिंगच्या जागा ठरवाव्यात आणि त्यांची तारीख जाहीर करावी. पीयूसी केंद्रांची अचानक तपासणी करायला तर नव्या निधीचीही वाट पाहायला नको. ते काम आरटीओने याच महिन्यात हाती घ्यावे.