पाच टक्क्यांचा हिशेब आणि दुपारचे बंद शटर

22 सप्टेंबर 2025पासून जिमच्या सेवेवरचा जीएसटी 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. वर्तमानपत्रांनी आकडा ठळक छापला आणि काउंटरवर एकच मागणी सुरू झाली: फी कमी करा. आदेशात त्या आकड्याला जोडून 'इनपुट टॅक्स क्रेडिटशिवाय' असेही म्हटले आहे. मेंबरने ते वाचले नसेल तर समजू शकते. पण अनेक मालकांनीही ते न वाचता रेटबोर्ड बदलले, ही काळजीची गोष्ट आहे.

हा हिशेब पाठकोऱ्या कागदावरही मांडता येतो. समजा, हजार रुपये फीचे दोनशे मेंबर आहेत आणि जागेचे भाडे महिना एक लाख. पूर्वी मेंबर 1180 रुपये देई. जमा झालेल्या 36,000 रुपये करातून भाड्यावर भरलेले 18,000 क्रेडिट म्हणून वजा होत आणि उरलेले सरकारजमा केले की विषय संपे. आता मेंबर देणार 1050, आणि भाड्यावरचे 18,000 मालकाच्या खिशातून जाणार. हाती पूर्वीइतकेच राहायचे असेल तर मूळ फी 1090 हवी, करासकट साधारण 1144. मेंबर 130 रुपये मागतो आणि मालकाला परवडतात 35. ज्यांनी 130 सोडून दिले, त्यांनी मार्चअखेरीस ताळेबंद बघावा.

नवी ट्रेडमिल घेतली तर तिच्यावरचा 18 टक्के करही आता सरळ खर्चात. जीएसटी परिषदेच्या ज्या बैठकीत जिमचा दर ठरला त्याच बैठकीत खेळाच्या साहित्यावरचा कर 12वरून 5 टक्क्यांवर आणला गेला, पण सर्वसाधारण व्यायामाची साधने त्यातून वगळली. बॅडमिंटनची रॅकेट 5 टक्क्यांत आणि डंबेल 18 टक्क्यांत. 2019पासून 'फिट इंडिया'चा पुकारा करणाऱ्या सरकारने या फरकाचे कारण तरी सांगायला हवे होते.

भिलाईसारख्या गावात खरा घाव आरसीएमचा, म्हणजे रिव्हर्स चार्जचा आहे. सुपेला, वैशालीनगर, स्मृतीनगर भागांत जिम चालते ती बहुधा कुणाच्या तरी दुकानांवरच्या मजल्यावर, आणि त्या घरमालकाची जीएसटी नोंदणी नसते. 10 ऑक्टोबर 2024पासून अशा व्यापारी जागेच्या भाड्यावरचा कर नोंदणीकृत भाडेकरूने स्वतः, रोखीने भरायचा आहे. वर्षभर हा कर एका हाताने भरून दुसऱ्या हाताने क्रेडिट घेता येत होते. आता भरायचे तेवढे उरले. घरमालक कर देत नाही, मेंबर फी वाढवून देत नाही, आणि मधला माणूस दोन्हीकडून दाबला जातो.

ट्रकवाहतूक करणाऱ्यांना मात्र निवड आहे: क्रेडिटशिवाय 5 टक्के किंवा क्रेडिटसह 18 टक्के, ज्याला जे परवडेल ते. जिमला ही मुभा नाही, 5 टक्केच सक्तीचे. वाहतूकदाराला जो पर्याय देता येतो तो जिमवाल्याला का नाही, एवढाच प्रश्न आहे, आणि तो जीएसटी परिषदेपर्यंत आकड्यांनिशी गेला पाहिजे. नुसत्या कुरकुरीने काही होणार नाही.

परिषद विचार करील तेव्हा करील. तोवर एक गोष्ट ओळखून घ्यावी: शेजारच्यापेक्षा शंभर रुपये कमी लावून मेंबर ओढण्याचे दिवस गेले. ज्याच्यासाठी गावात दुसरे कुणी काही करत नाही, असा ग्राहक शोधायला हवा. भिलाईत तो शोधायला लांब जावे लागत नाही.

1959मध्ये पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली तेव्हापासून हे गाव पाळ्यांवर चालते. सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. आणि जिम? सकाळी दहाला शटर खाली, संध्याकाळी पाचला वर. दुपारी दोनला पाळी सुटते, मोटारसायकलींच्या रांगा गेटबाहेर पडतात, हेल्मेट आणि डब्याची पिशवी हँडलला अडकवलेली. त्या वेळी गावातल्या जिममध्ये लाखांची मशिनरी अंधारात उभी असते. पाळी दर आठवड्याला बदलणाऱ्या माणसाला 'सकाळची बॅच, संध्याकाळची बॅच' या फीरचनेचा उपयोग काय? त्याला वेळेचे बंधन नसलेला, महिन्यात बारा हजेऱ्यांचा पास हवा. आणि रात्रपाळी करून न झोपता आलेल्या माणसाला त्या दिवशी जड डेडलिफ्ट द्यायचे नाही, भट्टीजवळच्या उष्णतेतून आलेल्याला आधी पाणी आणि बसायला खुर्ची द्यायची, एवढे जाणणारा ट्रेनर हवा. असा ट्रेनर मिळाला तर मेंबर शंभर रुपयांसाठी दुसरीकडे जाणार नाही.

कारखान्यातून निवृत्त झालेल्यांचा वर्ग तर त्याहून मोठा, आणि सकाळी अकराची वेळ त्यांच्या सोयीची. खुर्चीतून हात न टेकता उठणे, जिना चढणे, तोल सांभाळणे हे त्यांचे शिक्षण. डॉक्टरांचे लेखी पत्र घेतल्याशिवाय मात्र एकालाही मशीनला हात लावू देऊ नये.

एकच काम धरून बसलेल्या व्यायामशाळा कुठवर जातात, हे 2022मध्ये ग्रीसमधल्या ज्युनियर जागतिक वेटलिफ्टिंग स्पर्धेत दिसले. 45 किलो गटात सुवर्ण जिंकणारी हर्षदा गरुड मावळातल्या वडगावची, तिथल्या दुबे यांच्या व्यायामशाळेत घडलेली. त्याच स्पर्धेत 49 किलो गटात रौप्य मिळवणारी ज्ञानेश्वरी यादव राजनांदगावची, भिलाईहून रेल्वेने तासाभराच्या आत. नारायणपूरच्या अबूझमाड अकादमीने मल्लखांब धरला आणि 2023मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट' जिंकले. यांतले एकही नाव मोठ्या शहरातले नाही.

तेव्हा जीएसटीचे पुढचे 3बी रिटर्न भरण्याआधी प्रत्येक मालकाने दोन कामे करावीत. क्रेडिट गेल्याने महिन्याला किती फटका बसला, तो आकडा आपल्या सीएकडून लिहून घेऊन राज्याच्या अर्थमंत्र्यांना पाठवावा, कारण परिषदेत मत त्यांचे असते. आणि येत्या सोमवारपासून दुपारी दोनला शटर उघडावे.