बदली कोणाची?

केंद्रीय विद्यालयांची योजना १९६३ साली २० शाळांनिशी सुरू झाली, ती बदलीमुळे आम्हां केंद्रीय नोकरांच्या मुलांचे शिक्षण खंडित होऊ नये म्हणून. हेतू रास्तच होता. परंतु फिरस्ती काय केवळ आमच्याच नशिबी आहे? बीडचा ऊसतोड मजूर दर हंगामात कर्नाटकापर्यंत जातो; आमच्या कचेऱ्या बांधणारा गवंडी गावोगाव हिंडतो. त्यांच्या हाती बदलीचा हुकूम नसतो, म्हणून प्रवेशाच्या अग्रक्रमात त्यांची मुले अगदी शेवटी! २००९ च्या कायद्याने पहिलीच्या २५ टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांसाठी राखल्या खऱ्या. पण चौथीतून गाव सोडलेल्या मुलास त्यांचा काय उपयोग? मराठी बंधुभगिनींनो, स्थलांतर हाच निकष असेल, तर तो सर्वांस लावा, अशी मागणी आपणच केली पाहिजे. एरवी बदलीचे गाऱ्हाणे सांगण्याचा अधिकार आपणांस उरणार नाही.