वाय-फायचा पासवर्ड सगळ्यांना एकच? मग हिशेब कोण ठेवणार?

२६ जुलै २००८. अहमदाबादेत स्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी वृत्तवाहिन्यांना ई-मेल आला. आयपी ॲड्रेसचा माग काढत तपास यंत्रणा पोहोचल्या नवी मुंबईतील सानपाड्यात, एका अमेरिकन नागरिकाच्या फ्लॅटवर. मेल त्याने पाठवलाच नव्हता. त्याचे वाय-फाय उघडे होते आणि ते दुसऱ्याच कुणीतरी वापरले होते.

आता उघडे वाय-फाय कमी दिसते. पण हॉस्टेल, कोचिंग क्लास, छोटी ऑफिसे इथे काय असते? एकच पासवर्ड, नोटीस बोर्डावर चिकटवलेला. उद्या पोलिसांनी विचारले, 'त्या रात्री नेट कोण वापरत होते?', तर उत्तर सानपाड्याइतकेच अवघड. जबाबदारीच्या दृष्टीने दोन्हींत मला फारसा फरक दिसत नाही.

यावरचा उपाय जुनाच आहे. त्याचे नाव रेडियस. ॲक्सेस पॉइंट (छतावर लावलेला तो पांढरा डबा) म्हणजे गेटवरचा वॉचमन. आत कुणाला सोडायचे, हे तो स्वतः ठरवत नाही. ऑफिसातल्या रजिस्टरला, म्हणजे रेडियस सर्व्हरला विचारतो. प्रत्येकाचे युजरनेम वेगळे, पासवर्ड वेगळा. कुणी नोकरी सोडली तर त्याचे एकच खाते बंद करायचे, बाकीच्यांना त्रास नाही.

सेटिंगमध्ये डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ 'पर्सनल'ऐवजी 'एंटरप्राइझ' निवडायचे. मग सर्व्हरचा आयपी, पोर्ट १८१२ आणि दोघांमधला गुप्त शब्द भरायचा. बहुतेक जण इथेच थांबतात, कारण नेट सुरू झालेले असते. खाली 'अकाउंटिंग'चा रकाना असतो, पोर्ट १८१३. तो रिकामा राहिला तरी कुणाची तक्रार येत नाही. पण कोण कधी जोडले गेले, किती वेळ होते, किती डेटा वापरला, हे सगळे लिहिले जाते ते तिथूनच. सोबत 'इंटरिम अपडेट' दहा-पंधरा मिनिटांवर ठेवा. कारण मध्येच वीज गेली की 'बाहेर पडला' ही नोंद सर्व्हरपर्यंत पोहोचतच नाही.

खर्चाची सबब चालणार नाही. फ्रीरेडियस हे सॉफ्टवेअर मोफत आहे, साध्या जुन्या कॉम्प्युटरवरही चालते. फक्त सगळ्या यंत्रांची घड्याळे जुळलेली हवीत आणि राउटरचा लॉगही जपायला हवा. बाहेर सगळे एकाच आयपीने दिसत असतील तर नुसते अकाउंटिंग पुरत नाही. सर्ट-इनने एप्रिल २०२२ मध्ये सेवा पुरवठादार, कंपन्या आणि सरकारी संस्थांना लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलेच आहे.

दुसरी बाजूही आहे. तुम्ही कोणत्या वेबसाइट पाहिल्या, हे या नोंदींत नसते. पण कोणत्या डब्याला कधी जोडले गेलात, हे असते. म्हणजे रात्री अकराला कोण कोणत्या मजल्यावर होते, हे वॉर्डनला घरबसल्या कळू शकते. नोंदी कोण पाहणार आणि कधी पुसल्या जाणार, हे लेखी ठरवल्याशिवाय हा रकाना भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि तुमच्या फोनवर अशा वाय-फायला जोडताना सर्टिफिकेट तपासू नका, असा पर्याय दिसला तर तो निवडू नका. त्याच नावाचा खोटा डबा कुणी लावला, तर तुमचे युजरनेम-पासवर्ड थेट त्याच्या हाती पडू शकतात. सर्टिफिकेट कोणते निवडायचे, ते आयटीवाल्यांना विचारा.