सल्ला कोणाचा, निर्णय कोणाचा?

मंत्रालयापासून पंचायत समितीपर्यंत आज 'कन्सल्टंट' या शब्दाचे राज्य आहे. नागभीडच्या जंगलपट्ट्यातही ग्रामसभेने वनव्यवस्थापनाचा आराखडा करावयाचे ठरविले की 'कन्सल्टंट कोण?' हा प्रश्न आधी पुढे येतो. म्हणून या शब्दाचे कूळ तपासणे अप्रस्तुत ठरू नये.

या शब्दाचे मूळ लॅटिन असून विचारविनिमय करणे हा त्या धातूचा अर्थ. गंमत अशी की, इंग्रजीत आरंभी 'कन्सल्टंट' म्हणजे सल्ला विचारणारा. एकोणिसाव्या शतकात तो सल्ला देणाऱ्याला लागू झाला. विचारणाऱ्याचे नाव सांगणाऱ्याने घेतले! आपल्याकडील 'मंत्री' शब्दाचा प्रवासही असाच आहे. मंत्रणा देणारा तो मंत्री, निर्णय राजाचा. आज मंत्री सल्ला देत नाही, सत्ता चालवितो.

'सल्ला' हा शब्द अरबी 'सलाह'वरून, फारसीमार्गे मराठीत आला. हित, चांगलेपण हा त्याचा मूळ अर्थ. 'मसलत' त्याच धातूची. म्हणजे ज्यात विचारणाऱ्याचे हित नाही, तो मुळात सल्लाच नव्हे. आणि 'गार' हा प्रत्यय तोच, जो आपण 'कामगार' शब्दात रोज उच्चारतो. प्रत्ययाने भावंडे असलेल्या या दोघांत एकाला मान आणि दुसऱ्याला केवळ मजुरी का मिळावी, हा प्रश्न व्याकरणाचा नाही, अर्थव्यवस्थेचा आहे.

तज्ज्ञ नकोत, असे कोणी म्हणणार नाही. प्रश्न आहे तो त्यांच्या जागेचा. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने ती जागा नेमकी ठरविली. तेथील अभ्यासगटात बाहेरचा जाणकार बोलू शकतो, वाद घालू शकतो. निर्णय मात्र ग्रामसभेचा आणि तोही सर्वसहमतीने. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रदीर्घ कामाचे हे सार आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तो ही शिस्त अंगी बाणल्यानंतर.

२०१२ साली सुधारलेल्या नियमांनुसार सामूहिक वनाचा आराखडा ग्रामसभेच्याच समितीने करावयाचा आहे. तो बाहेरून छापून आला आणि गावाने केवळ अंगठा उमटविला, तर हक्क कागदावर राहील आणि जंगलाचा कारभार पुन्हा परक्या हाती जाईल. बांबू कधी तोडावा, तेंदूपत्ता कोणास विकावा, हे ज्यांच्या चुलीशी निगडित आहे त्यांना आपलाच आराखडा वाचून घ्यावा लागेल.

ही कसोटी आपल्या कार्यकर्त्यांनाही लागू आहे. गावात आपणही सल्लागार म्हणूनच जातो. आपण उठून गेल्यावर सभा चालू राहिली, तर आपला सल्ला सार्थकी लागला. ती थांबली, तर कन्सल्टंटमध्ये आणि आपल्यात फरक फक्त बिलाचा उरतो.