कापसाचे बोंड आणि अध्यापनशास्त्र
शिकागो विद्यापीठाने १८९४ साली तत्त्वज्ञान, मानसशास्त्र व अध्यापनशास्त्र यांचा कारभार एकाच विभागात जॉन ड्यूई यांच्या हाती सोपविला, आणि १८९६ मध्ये त्यास जोडून निघालेल्या प्रायोगिक शाळेत मुलांनी बोंडातून कापूस व सरकी स्वहस्ते निराळी करता करता (वऱ्हाडातील पोरांस हे कष्ट सांगावयास नकोत!) लोकरीच्या मानाने सुती वस्त्रांचा उद्योग मागाहून का वाढला, हे आपसूक जाणले. आमच्या अध्यापक महाविद्यालयांत मात्र ही शास्त्रे निरनिराळ्या तालुक्यांच्या दप्तरांप्रमाणे अलग बांधलेली असतात, ही खेदाची गोष्ट होय. कारभारविषयक वादातून ड्यूई यांनी १९०४ मध्ये शिकागो सोडले व ते कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथेच पुढे डॉ. आंबेडकर त्यांचे विद्यार्थी झाले.