दैत्य ठरविला की वध आलाच

मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे विवेकानंद जयंतीच्या महोत्सवात लाखो माणसे एका पंगतीत बसतात. ट्रॅक्टरमधून आणलेली पुरी आणि वांग्याची भाजी वाढली जाते. शेजाऱ्याची जात वा पक्ष कोणी विचारीत नाही. ज्यांच्या नावाने हे घडते त्या विवेकानंदांनी सप्टेंबर १८९३ मध्ये शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत पंथाभिमान आणि धर्मवेड यांचा कठोर निषेध केला होता. आपल्या विहिरीलाच जग मानणाऱ्या बेडकाची गोष्टही त्यांनी तेथेच सांगितली. परंतु पंगतीतून उठलेला हाच समाज निवडणुकीच्या सभेत विरोधकाला राक्षस, गद्दार, देशद्रोही म्हटले की टाळ्या वाजवितो. या विसंगतीकडे डोळेझाक करणे आता परवडणारे नाही.

राक्षस या शब्दाला नुसती शिवी समजण्याची चूक कोणी करू नये. शेजारच्या लोणारला दैत्यसूदनाचे प्राचीन मंदिर आहे. लवणासुराचा वध करणारा विष्णू तो दैत्यसूदन. पुराणात दैत्याशी वादविवाद करीत नाहीत, त्याचा वध करतात. कथेत ते शोभते. तीच भाषा राजकारणात आली की प्रतिपक्षाचे म्हणणे खोडून काढण्याची गरज उरत नाही आणि त्याला संपविण्याची मुभा मात्र मिळते.

महाराष्ट्राने याची किंमत मोजली आहे. गोपाळ गणेश आगरकरांची पुण्याच्या सनातन्यांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. बालविवाह आणि केशवपन यांविषयी त्यांनी विचारलेल्या एकाही प्रश्नाचे उत्तर त्या तिरडीवर नव्हते. ती प्रेतयात्रा निदान लटकी होती. गांधीजींना हिंदूंचे वैरी ठरविणाऱ्या प्रचाराची परिणती ३० जानेवारी १९४८ रोजी खऱ्या गोळ्यांत झाली. आणि लगेच खुन्याची जात पाहून पश्चिम महाराष्ट्रात जमावांनी ब्राह्मणांची घरे पेटविली. एकाच्या गुन्ह्यासाठी सबंध जात दैत्य ठरली! त्या विद्वेषाने व्यथित होऊन साने गुरुजींनी २१ दिवसांचे उपोषण केले. पुढे ज्यांना वर्षानुवर्षे धर्मद्रोही म्हणून हिणविले गेले, त्या नरेंद्र दाभोलकरांना २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालण्यात आल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे यांच्यावर तोच प्रसंग आला.

यावर कोणी म्हणेल, अन्यायाशी लढताना जीभ मऊ कशी ठेवावी? ती ठेवू नयेच. १९६३ मध्ये डॉ. राममनोहर लोहियांनी लोकसभेत नेहरू सरकारला धारेवर धरले. देशातील २७ कोटी माणसे दिवसाला ३ आण्यांवर जगतात, असे त्यांनी ठणकावून सांगितले. सरकारला १५ आण्यांचा आकडा पुढे करावा लागला आणि गरिबीचा हिशेब देशापुढे मांडला गेला. त्या हल्ल्याइतका जिव्हारी लागणारा हल्ला दुसरा क्वचितच झाला असेल. परंतु त्याची धार आकड्याला होती. नेहरूंना नुसते राक्षस म्हटले असते, तर सरकारला हिशेब द्यावा लागला नसता!

हा दोष केवळ प्रतिगाम्यांचा आहे, असे मानून आपण पुरोगाम्यांनी निश्चिंत राहू नये. समोरच्या पक्षाला मत देणारा शेतकरी विकला गेला किंवा धर्मांध झाला, असा निकाल आपल्या बैठकांतूनही दिला जातो. त्याच्या सोयाबीनला काय भाव मिळाला, पीकविम्याचे पैसे हाती आले की नाही, आपल्यावरचा त्याचा विश्वास का उडाला, हे विचारण्यापेक्षा त्याला दोष देणे सोपे असते. ज्याला आपण उद्या आपल्या बाजूस आणू इच्छितो, त्यालाच आज शत्रूच्या छावणीत ढकलणे हे कोणते राजकारण?

म्हणून प्रत्येक कार्यकर्त्याने स्वतःला एक शिस्त लावून घ्यावी. विरोधकाचे म्हणणे आधी असे मांडावे की त्यालाही ते मान्य व्हावे. मग ते पुराव्यानिशी, निर्दयपणे खोडावे. ज्याला पहिले जमत नाही, त्याने दुसऱ्याचा आव आणू नये. माणसाचा पराभव करता येतो, त्याचे मतपरिवर्तनही करता येते. दैत्य ठरविलेल्याच्या बाबतीत या दोन्ही वाटा बंद होतात, आणि त्या बंद झाल्या की लोकशाहीला करण्यासारखे काही उरत नाही.